वितळला म्हणून लिहा

रावपुऱ्यातून कोठीकडे वळताना
जिथे आता मोबाइलची दुकानं आहेत
तिथे दिघोडकरांचा बर्फाचा कारखाना होता.
अमोनियाचा वास, ओलं गोणपाट, लाकडाचा भुसा,
आणि चौकटीवर उजव्या हाताला, तिरकी ठोकलेली
बोटाएवढी पितळी नळी.
हसाजीशेठ जातायेता तिला बोटं लावून ओठांना लावत.
नवा हमाल विचारायचा, ही घंटी वाजत का नाही?

मी त्यांच्या वह्या लिहिल्या. एकोणीस वर्षं.
पहिल्याच आठवड्यात अडलो :
सरकारी दवाखान्यात चार लाद्या गेल्या,
उधारी कुणाच्या नावावर?
पेन्सिलीने कान खाजवत म्हणाले,
"वितळला म्हणून लिहा."

वितळला : बाळंतिणींचा वॉर्ड, दोन लाद्या.
वितळला : पाणीगेटची टायफॉइडची पोर, रोज अर्धी, बावीस दिवस.
वितळला : सोळंकी मास्तर. मुलगा नैरोबीहून येईपर्यंत.
प्राप्तिकराचा साहेब चष्मा पुसत म्हणाला,
भर पौषात एवढा बर्फ वितळतो कसा?
शेठ म्हणाले, माल नाजूक आहे, साहेब.

आजोबा त्यांचे अलिबागेकडे घाणा चालवत,
शनिवारी बैल सोडत.
आमचीही यंत्रं शनिवारी बंद, ऐन लग्नसराईत.
वऱ्हाडी शिव्या देत परत जायचे.
दवाखान्याची लादी मात्र शुक्रवारी, सूर्य बुडायच्या आत,
भुशात गुंडाळून पोचती.

म्युनिसिपालिटीत निवडून आले तेव्हा
वॉर्डात त्यांच्या समाजाची मतं होती चार.
त्यांतलं एक विरोधात गेलं, असं स्वतःच सांगत,
एलिसाबाईंकडे बघत.
भाषण जमायचं नाही. सहा वर्षं एकच अर्ज :
मार्केटात भाजीवाल्या बायकांसाठी संडास.
सभासद हसायचे. हसून कंटाळले, मग मंजूर केला.
फीत कापली नाही. रेवाबेन मेथीवाली आत गेली,
बाहेर आली, म्हणाली, कडी लागत नाही.
दुसऱ्या दिवशी शेठ कडी आणि पेचकस घेऊन हजर.

कर्फ्यूच्या त्या आठवड्यात
पास छातीला टाचून हातगाडी स्वतः ढकलली.
दवाखान्याच्या मागच्या खोलीत, फरशीवर जे होते
त्यांची नावं अजून कुणाला कळली नव्हती.
मी विचारलं, कुणाकडे किती ठेवायचा?
उत्तर नाही. फोडत राहिले, अंथरत राहिले,
बोटं निळी पडेपर्यंत.
त्या पानावर मी रकाना कोरा सोडला.
त्यांनीही कधी विचारलं नाही.

मुलं एकेक करत आगबोटीने गेली. दिमोनाहून पत्रं यायची,
पप्पा, आता या.
"तिकडचं वाळवंट गार करायला माझी लादी पुरायची नाही,"
म्हणत आणि मलिद्याचे गोड पोहे
आमच्या हातावर ठेवत.

गेले ते एका बुधवारी, पहाटे.
बर्फ काढू का, विचारलं.
एलिसाबाई म्हणाल्या, नको. आमच्यात थांबवत नाहीत.
मुलांना तार केली होती, नुसती कळवायला.

अहमदाबादेहून गाडीने सात जण आले. इथले दोन.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्यांच्यातले.
म्हाताऱ्या शालोमभाईंनी बोटांवर मोजले, पुन्हा मोजले.
नऊ.
मागे हमाल, नर्सा, मेथीवाल्या, अख्खं मार्केट उभं.
मग भीखाने डोक्याला फडकं बांधलं
आणि नवव्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.
त्याला कुणी हटकलं नाही.
कुणी मोजलंही नाही.
शालोमभाई बराच वेळ पुस्तकाकडे बघत होते.
मग वाचायला लागले. नियमात बसतं का ते, मला ठाऊक नाही.

संध्याकाळी कारखाना उघडला, वही काढली.
त्या दिवशीच्या लाद्या कुणी उचलल्याच नव्हत्या.
भुशातून पाणी निघून रस्त्यापर्यंत आलेलं,
एक कुत्रं ते चाटत होतं.
मी तारीख घातली.